तांबडी सुर्ल्याला जायचं तर सकाळीच

दूधसागर धबधबा आणि तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ एकाच दिवशी उरकायचं, असा बेत पणजीहून निघणारे बरेच जण करतात. कुळ्याला धबधब्याकडे नेणाऱ्या जीपच्या रांगेत सकाळ जाते, देवळापाशी पोचेपर्यंत दुपार कलते. देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे दर्शनी बाजू तोवर सावलीत गेलेली असते. आमच्या मते देवळाला स्वतंत्र सकाळ द्यावी आणि नऊच्या आत तिथे असावं.

पणजीपासून अंतर साधारण 65 किलोमीटर: फोंडा, तिस्क-उसगाव, धारबांदोडा, मोले. मोल्याला अनमोड घाटाचा हमरस्ता सोडून डावीकडे वळायचं. पेट्रोल फोंड्यातच भरा. पुढे रानातला अरुंद रस्ता, मोबाइलची रेंज बेभरवशाची. बसने येणाऱ्यांनी मोल्याहून जाण्या-येण्याचं वाहन एकदमच ठरवावं. देवळापाशी उभं राहून परतीची गाडी मिळत नाही.

देऊळ कदंब राजघराण्याच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. गोव्याचा नेहमीचा दगड जांभा. तो सच्छिद्र, बारीक नक्षी त्यावर टिकत नाही. हे काम काळ्या बेसाल्टचं आहे, आणि तो दगड घाटावरून आणला असं मानतात. त्याचं चीज झालंय ते मंडपाच्या मधल्या चार खांबांवर. एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे. वाकल्याशिवाय दिसत नाही. मग मान वर करा: छतात अष्टदल कमळ. मध्ये नंदी, पण बिनशिराचा. पुढे अंतराळाच्या, म्हणजे मंडप आणि गाभारा यांमधल्या जागेच्या, दाराशी दगडी जाळी. आत उजेड कमी, म्हणून बॅटरी न्या, पण बाजूने तिरपी धरा. समोरून झोत टाकला की कोरीवकाम सपाट दिसतं. फोटोतल्या फ्लॅशचंही तेच. बाहेर फिरून शिखराच्या तिन्ही बाजू बघा: ब्रह्मा, विष्णू, शिव तिथे आहेत. शिखराचा माथा अपुराच आहे.

पावसाळ्यात हिरवाई अप्रतिम, पण नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर शेवाळ आणि रानात जळवा असतात. पोरांना पाण्यात सोडू नका, घाटावर पाऊस झाला की नदी झपाट्याने चढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. महाशिवरात्रीला दर्शन घडतं, खांब मात्र गर्दीत बुडतात. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात दुपारी दगड चटके देतो. पिशवीत मोजे असू द्यावेत.