तीन जुने रिसिव्हर, स्पीकरची जोडी एकच: मधला डबा कसा बांधायचा

मांडणीवर मरांट्झ २२७०, शेजारी पायोनियर एसएक्स-१२५०, खाली एखादा सान्सुई, असे तीन रिसिव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर, म्हणजे अँप, एकाच डब्यात), आणि मनासारखे स्पीकर मात्र दोनच. दर वेळी मागे हात घालून वायरी काढत-लावत बसलं की जुन्या स्प्रिंगच्या क्लिपा तुटतात. वायरीची एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली, की आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. म्हणून मध्ये सिलेक्टर, म्हणजे कोणता रिसिव्हर स्पीकरला जोडायचा ते निवडणारा डबा, हवाच.

पण दुकानात मिळणारा बटणांचा स्पीकर सिलेक्टर उलटा जोडून वापरू नका. तो एका अँपवर अनेक स्पीकर चालवण्यासाठी असतो, त्यामुळे त्याची दोन बटणं एकदम दाबता येतात. इथे तसं झालं की दोन अँपची आउटपुटं एकमेकांना भिडतात. ट्रान्झिस्टर अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (आउटपुटचा आतला रोध) ओहमचा छोटासा अंश असतो, म्हणजे एका अँपला दुसरा अँप शॉर्टसारखाच दिसतो. क्षणभर भिडले तरी पुरे.

दुसरी खोट अशी की अशा बऱ्याच डब्यांत फक्त प्लस तुटतो आणि सगळे मायनस आत एकत्र असतात. सत्तरच्या दशकातल्या बहुतेक रिसिव्हरचा मायनस चेसिसलाच, म्हणजे धातूच्या सांगाड्यालाच, असतो, तिथे फार तर हम (घूं असा आवाज) येईल. पण त्याच रांगेत ब्लूटूथचा छोटा क्लास-डी अँप लावला तर घात होतो. तो बहुधा ब्रिज पद्धतीचा (प्लस-मायनस दोन्हीकडून स्पीकर चालवणारा) असतो, त्याच्या मायनसवर सप्लायचं अर्धं व्होल्टेज उभं असतं. म्हणून डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस या चारही वायरी तुटल्याच पाहिजेत.

दोनच रिसिव्हर असतील तर काम सोपं आहे. ४ पोलचा (चार वायरी एकदम बदलणारा), मध्ये ऑफ असलेला, १० अँपिअरचा टॉगल घ्या. त्याला १२ टोकं असतात. मधल्या चारांवर स्पीकर, वरच्या चारांवर एक रिसिव्हर, खालच्या चारांवर दुसरा.

तीन झाले की मी रिलेच, म्हणजे कॉइलला वीज दिली की चालणारा स्विच, सुचवीन. रेडिओच्या दुकानातला छोटा रोटरी स्विच स्पीकरचा करंट सोसत नाही. मरांट्झच्या ७० वॅटला ८ ओहमवर जवळजवळ ३ अँपिअर जातात, पायोनियरच्या १६० वॅटला साडेचार, आणि शिखर त्याच्या १.४ पट. रिले वापरला की रोटरीतून फक्त कॉइलचा करंट जातो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना पॅनेलचं सामान पुरवणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत असे रिले बेससकट मिळतात. पॅनेलवाले सवयीने २४ व्होल्टचा काढून देतात, १२ डीसी हवा असेल तर आधीच सांगा. प्रत्येक रिसिव्हरला २ पोलचे, १० अँपिअरचे दोन रिले लावा, एक डाव्याला, एक उजव्याला, दोन्ही कॉइल पॅरलल. कॉमन टोकं स्पीकरकडे, नॉर्मली ओपन (कॉइलला वीज नसताना तुटलेली) टोकं रिसिव्हरकडे, नॉर्मली क्लोज (तेव्हा जुळलेली) मोकळी. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो.

कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावावा लागतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. या डायोडमुळे रिले सुटायला थोडा उशीर होतो. रोटरीवर ए आणि बी लागोपाठ ठेवले, तर ए सुटायच्या आत बी चिकटू शकतो. म्हणून १२ घरांच्या रोटरीत एक घर सोडून एक वापरा: रिकामं, ए, रिकामं, बी, रिकामं, सी. रिकाम्या घरावर अर्धा सेकंद थांबलात की दोन अँप भेटण्याचा प्रश्नच उरत नाही.

डब्यातली वायर दीडची (दीड चौरस मिलिमीटर), टोकांना थिंबल (दाबून बसवायची धातूची टोपी). स्पीकरपर्यंत ५ मीटर असलं तर दीडच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.११ ओहमच्या आसपास येतो, चालतो. १० मीटर असेल तर अडीचची घ्या.

जोडण्याआधी प्रत्येक रिसिव्हर तपासा. स्पीकर काढा, आवाज शून्यावर, १० मिनिटं गरम होऊ द्या, मग मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्लस-मायनसमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर आधी कारागिराकडे, मग डब्यावर. व्हॉल्व्हचा अँप या डब्यावर आणूच नका, भार तुटलेल्या अवस्थेत सिग्नल चालू राहिला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

हम येत असेल तर डब्याला दोष देण्याआधी अर्थिंग बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठाक पडते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं तर फरक पडतो. टर्नटेबलची आरसीए पिन मात्र वाय-जोडणीने दोन रिसिव्हरच्या फोनो (टर्नटेबलच्या) इनपुटांना देऊ नका, प्रत्येक इनपुटचे ४७ किलोओहम दोनदा पॅरलल लागले की २३.५ होतात आणि वरचे सूर दबतात.

लाईट गेली की रिले आपोआप सुटतात, हा या डब्याचा मोठा फायदा. तरीही रोटरी रिकाम्या घरावर आणून ठेवा. लाईट परत आली की प्रोटेक्शन रिले नसलेला जुना रिसिव्हर जो धक्का देतो, तो थेट वूफरला बसतो. एरवीसुद्धा आवाज शून्यावर आणल्याशिवाय रोटरी फिरवू नका, ठिणगीने रिलेचे काँटॅक्ट काळे पडतात आणि मग एक बाजू मंद वाजते.

कोणता रिसिव्हर गोड वाजतो हे ठरवायचं असेल तर आधी पातळी जुळवा, कारण किंचित मोठा वाजणारा कानाला नेहमीच सरस वाटतो. टोन सपाट, लाउडनेस बंद. ४०० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि तिन्ही रिसिव्हर २ व्होल्टवर आणा. २.१ झालं तरी ०.४ डेसिबलचा फरक पडतो. डावा-उजवा वेगळा मोजा, जुन्या बॅलन्सच्या खुणेवर विसंबू नका.