छत्रीवाल्यांचा डिसेंबर

खानापूर तालुक्यात भाताची मळणी आटोपते, मोकळ्या झालेल्या शेतांत मसूर उगवून येतो, पहाटे मलप्रभेच्या काठाला धुके धरू लागते, आणि मग आमच्या माजी सैनिकांच्या मंडळाला मेळाव्याचे वेध लागतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील रविवारी हा मेळावा भरतो. त्याला पाहुणे म्हणून कोणीही यावे; मात्र यजमानांच्या रांगेत उभे राहायचे असेल, तर विमानातून उडी मारलेली असली पाहिजे, एवढी एकच अट आमच्या वडीलधाऱ्यांनी प्रथमपासून घालून ठेवली आहे.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर 1922 पासून आहे, त्यामुळे आमच्या भागात माजी सैनिकांचे मेळावे काही नवे नाहीत. तथापि 1952 साली मराठ्यांची तिसरी पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे 2 पॅरा झाली, पुढे 1996 मध्ये 21 मराठाची 21 पॅरा झाली, आणि डोक्यावर मरून रंगाची टोपी घालून सुट्टीवर येणाऱ्या जवानांना गावोगावी ‘छत्रीवाले’, म्हणजे पॅराशूटवाले, हे नाव पडले. निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, बेळगाव तालुका असे चहूकडून हे छत्रीवाले येतात. बैलहोंगल आणि गोकाककडचे कन्नड बोलणारे आमचे सोबतीही न चुकता येतात, कारण आग्र्याच्या पॅराशूट प्रशिक्षण शाळेत एका बराकीत राहिलेल्यांना सीमावादाच्या कोणत्याही बाजूने एकमेकांपासून तोडता आलेले नाही. हे मी अभिमानाने लिहितो.

शेतात घातलेल्या मांडवाला छत म्हणून जुन्या बाजारातून आणलेले पॅराशूटचे कापड लावलेले असते. त्याच्याखाली सकाळपासून मुलांची धावपळ सुरू होते, आणि चुलीवरच्या मटणाच्या रश्श्याचा वास रस्त्यापर्यंत पोहोचतो. तरीही आमच्या मेळाव्याची खरी सुरुवात होते ती जेवणापूर्वीच्या तपासणीने, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

लष्करी उडी साधारण साडेबाराशे फुटांवरून मारतात. एवढ्या कमी उंचीवर स्वतः छत्री उघडण्याइतका वेळ हाताशी नसतो, म्हणून पाठीवरच्या छत्रीचा पट्टा विमानातील तारेला अडकवलेला असतो. जवान दाराबाहेर पडला की तो पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप उघडते. हा पट्टा नीट अडकला आहे का, तो कोणाच्या बगलेखालून तर गेलेला नाही, पाठीवरचा पॅक व्यवस्थित आहे का, हे ज्याचे त्याला दिसू शकत नाही. ते पाहायचे असते मागे उभ्या असलेल्या माणसाने. तपासून झाले की तो पुढच्याच्या खांद्यावर थाप मारतो, आणि शेवटच्या क्रमांकापासून दारातल्या पहिल्यापर्यंत ‘ओके’चे पुकारे एकामागून एक येत जातात. विमानाच्या आवाजात शब्द नीट ऐकू येत नाहीत, पण खांद्यावरची थाप मात्र स्पष्ट कळते.

आमच्या मेळाव्यात हीच तपासणी पंगतीआधी होते. सगळे जण एकामागे एक उभे राहतात. तत्पूर्वी काही पटाईत मंडळींनी कोणाच्या खिशात रताळे सरकवलेले असते, कोणाच्या टॉवेलला हिरवी मिरची बांधलेली असते, तर कोणाच्या सदऱ्याच्या पाठीला पत्रावळीचा तुकडा अडकवलेला असतो. ज्याच्या अंगावर ही वस्तू सापडते, त्याला आमच्याकडे दंड नाही. ती न पाहताच ‘ओके’ म्हणून पुकारणाऱ्या मागच्या माणसाला दंड आहे, आणि तो दंड म्हणजे सगळ्या पंगतीला बेळगावचा कुंदा. हा नियम कोणी घातला ते आता सांगता येत नाही, परंतु मला तो लष्करातून आमच्या गावात आलेल्या सर्व नियमांमध्ये सर्वांत थोर वाटतो. पंचाहत्तरी ओलांडलेले सुभेदार साहेब चष्मा पुसून पुढच्याचा प्रत्येक खिसा ज्या निष्ठेने चाचपतात, ते पाहताना गावातील नवी मुले प्रथम हसतात, आणि त्यामागची हकिकत कळल्यावर स्वतःही त्या रांगेजवळ येऊन उभी राहतात.

त्या वर्षी निवृत्त होऊन आलेल्याला बैलगाडीवरून उडी मारावी लागते. जमिनीवर पडताना पावले, पोटऱ्या, मांड्या, कुल्ले आणि पाठीची बाजू अशा क्रमाने अंग टेकले पाहिजे, गुडघे एकमेकांना चिकटलेले असले पाहिजेत आणि कोपरे छातीशी असली पाहिजेत. आग्र्याला हे शेकडो वेळा घोटून घेतलेले असते. गाडीभोवती जमलेली मुले छत्री उघडेपर्यंत मोजायच्या ‘एक हजार, दो हजार, तीन हजार’चा गजर करतात, आणि गवतावर बसलेले ज्येष्ठ निकाल देतात. पाय फाकले असतील, तर पुन्हा उडी. एका वर्षी नव्याने निवृत्त झालेल्या हवालदाराच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, नवऱ्याची उडी पाहून “गुडघे उघडे राहिले, परत चढा” असा निकाल परस्पर देऊन टाकला. तो अचूक होता, हे ज्येष्ठांना मान्य करावे लागले. तेव्हापासून परीक्षकांच्या रांगेत एक खुर्ची वहिनींची असते.

दुपार कलल्यावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीचे निवृत्त सैनिक येतात. त्यांना निमंत्रण सकाळचेच असते, तरी ते मुद्दाम उशिरा येतात, आणि यामागे 1971 च्या बांगलादेश युद्धाचा इतिहास आहे. त्या वर्षी 11 डिसेंबरला कलाईकुंडा आणि दमदम येथून निघालेल्या पॅकेट, डाकोटा आणि एएन-12 विमानांतून आमच्या 2 पॅरा पलटणीचे सुमारे 700 जवान टांगाइलजवळ उतरले. मैमनसिंहकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडणे हे त्यांचे काम होते, आणि लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल त्यांनी त्याच सायंकाळी ताब्यात घेतला. शत्रूच्या प्रदेशात उतरलेल्या त्या जवानांना येऊन मिळाली ती जमालपूरकडून लढत आलेली पहिली मराठा, म्हणजेच जंगी पलटण; आणि ती भेट झाली दुसऱ्या दिवशी. म्हणून जंगीचे लोक मांडवाच्या तोंडाशी दिसले की आमचे ज्येष्ठ एकसुरात म्हणतात, “कालपासून वाट पाहतोय.” त्यावर जंगीचे उत्तरही ठरलेले आहे: “तुम्ही विमानाने आलात, आम्ही पायी आलो.” दरवर्षी हेच दोन संवाद होतात, दरवर्षी त्यांना तीच दाद मिळते, आणि नंतर दोन्ही पलटणींचे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

टांगाइलची हकिकत सांगण्याचा मान त्या दिवशी तेथे उतरलेल्यांचाच. काही जण तळ्यांत पडले, काही झाडांत अडकले, तेथील गावकऱ्यांनी भिजलेली ओझी आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर वाहून आणल्या, हे सर्व आम्हांला पाठ झाले आहे. तरीही सांगणाऱ्याने एखादा तपशील वगळला की श्रोत्यांतून कोणीतरी त्याची आठवण करून देतो, आणि कथा दोन पावले मागे जाऊन पुन्हा सुरू होते. अलीकडे सांगणारे कमी होत चालले आहेत. जे उरले आहेत, त्यांना आम्ही आग्रहाने घरून आणतो आणि घरी पोहोचवतो.

गेल्या काही वर्षांत या रांगेत एक मुलगी उभी राहू लागली आहे. आमच्याच एका सोबत्याची ही नात पुण्याला नोकरी करते आणि हौसेने स्कायडायव्हिंग शिकली आहे. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून मारलेल्या उडीची छायाचित्रे तिने शाळेत असताना पाहिली आणि तेव्हाच मनाशी ठरवले, असे ती सांगते. तिची उडी आमच्याहून निराळी. दहा-बारा हजार फुटांवरून बाहेर पडायचे, ताशी सुमारे दोनशे किलोमीटरच्या वेगाने खाली यायचे आणि छत्री स्वतःच्या हाताने उघडायची. ती पहिल्यांदा आली, तेव्हा छत्री जर आपली आपणच उघडायची, तर मागच्या माणसाचे काय काम, असा प्रश्न एका ज्येष्ठांनी केला. तिने समजावून सांगितले की विमानात चढण्यापूर्वी आणि दाराशी जाण्यापूर्वी सोबती एकमेकांच्या पाठीवरची, छत्रीचा पॅक बंद ठेवणारी पिन तपासतात, आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक जण इतरांच्या तळहातावर टाळी आणि मुठीवर मूठ देऊन निरोप घेतो. एवढे ऐकल्यावर तिला रांगेत जागा देण्याबाबत कोणीही शंका काढली नाही.

तिच्याकडून आम्हांला जगभरच्या हौशी उडीवाल्यांच्या दोन चालीरीती समजल्या. एखादी गोष्ट कोणी पहिल्यांदा केली, मग ती पहिली उडी असो, पहिली रात्रीची उडी असो किंवा नवी छत्री असो, त्याने सर्व सोबत्यांना बिअर पाजायची; आणि शंभरावी उडी झाली की जमिनीवर उतरताच त्याच्या तोंडाला केक किंवा क्रीम थापायचे. पहिली चाल आमच्या मंडळाने कुंद्यावर आणून स्वीकारली. दुसरीवर मात्र बरीच चर्चा झाली, कारण अन्न तोंडाला फासणे आमच्या शेतकरी ज्येष्ठांना पटणारे नव्हते, आणि ते मला योग्यच वाटते. शेवटी गुलाल ठरला. तिची शंभरावी उडी झाल्यानंतरच्या मेळाव्यात सर्वांत वयोवृद्ध अशा आबांनी तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाल लावला, आणि जंगीच्या मंडळींनीही मुठी भरभरून उरलेला संपवला.

त्याच दुपारी तपासणीत ती आबांच्या मागे उभी होती. आबांच्या खिशात कोणीतरी लहानसे रताळे सरकवले होते. तिने खिसे पाहिले, टॉवेल झटकला, टोपीही उचलून पाहिली, मग रताळे हातात उंच धरून आबांच्या खांद्यावर थाप मारली आणि खणखणीत आवाजात ‘ओके’ पुकारले. त्या वर्षी मागे उभ्या असलेल्या कोणाचीच नजर चुकली नाही, त्यामुळे दंडाचा कुंदा कोणाकडूनच मिळाला नाही. तेव्हा आबांनी नातवाला मोटारसायकलवरून खानापुराला पिटाळले आणि पंगतीला पुरेल एवढा कुंदा स्वतःच्या पेन्शनमधून मागवला.