गळ्यातला ताईत

परवा दुपारी आमटीला फोडणी देता देता मी काहीतरी गुणगुणत होते. कढीपत्ता तडतडून गप्प झाला तेव्हा माझं मलाच नीट ऐकू आलं. 'टॉप दॅट'! चाळिशी कधीच ओलांडलेली बाई, हातात सांडशी, आणि तोंडात १९८९ सालच्या अमेरिकन पोराटोरांचं रॅप. तेही असलं, की खऱ्या रॅपवाल्यांनी ऐकलं तर अब्रुनुकसानीचा दावा लावतील.

हे रॅप ज्यात आहे तो 'टीन विच' सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचं काही अडलेलं नाही. लुईस नावाची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी. शाळेतला देखणा ब्रॅड तिला आवडतो, त्याला मात्र तिचा पत्ताच नाही. सोळावं वर्ष लागतं आणि कळतं, आपल्याला चेटूक येतं! पुढचं कुणीही सांगेल. तिला हे सांगणारी मादाम सेरेना म्हणजे झेल्डा रुबिनस्टाईन, 'पोल्टरगाइस्ट'मध्ये घरातली भुतं काढायला येते तीच सव्वाचार फुटी बाई. तिचा तो चिरका, ठाम आवाज ऐकला की मला आमच्या वाड्यातल्या एका काकू आठवतात. त्याही असंच कुणाच्याही दारात उभ्या राहून भविष्य सांगायच्या, न विचारता.

१९८९च्या एप्रिलमध्ये हा सिनेमा आला आणि गेला. अमेरिकेतल्या थिएटरांतून सगळी मिळून कमाई २७,८४३ डॉलर. लाख वगैरे नाही, हजारच. आमच्या मंडळाच्या गणपतीला याहून बरी वर्गणी जमते. याच जातकुळीचा 'टीन वुल्फ' १९८५ साली येऊन तीन कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवून गेला होता, आणि 'टीन विच' मुळात त्याचीच मुलींसाठीची आवृत्ती म्हणून लिहायला घेतलेला. मुलाच्या वाट्याला लांडग्याचे केस आणि बास्केटबॉल. मुलीच्या वाट्याला चेटूक, नवे कपडे आणि ब्रॅड. असो.

पडलेला सिनेमा स्वस्तात मिळतो. केबलवाल्यांना दिवसाचे चोवीस तास भरायचे असतात. मग तो दुपारी लागतो, पुन्हा लागतो, आणि दुपारी घरी कोण असतं? तापाने शाळा बुडवलेली मुलगी. कधी एखादी कंटाळलेली आजी. चार-पाच वेळा पाहिला की तो आवडलाय की नुसता सवयीचा झालाय हे विचारायची सोय राहत नाही. पुढे एबीसी फॅमिली वाहिनीने तो हॅलोविनच्या सिनेमांत घेतला आणि ऑक्टोबर आला की हाही येऊ लागला. आपल्याला हे कौतुकाने ऐकण्यासारखं काही नाही. 'सूर्यवंशम' ज्या देशात बारा महिने लागतो तिथल्या माणसाला ही गंमत पाठच असते. विषारी खीर कधी येणार हे ठाऊक असतं, तरी आपण सोफ्याच्या कडेला टेकून 'एवढं खीर होईपर्यंत पाहते' म्हणतोच.

मी न्यू जर्सीत नवी असताना मला हा सिनेमा असाच लागलेला सापडला. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, नवरा सात वाजता येणार. समोर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. बाहेर लोकांच्या दारांत भोपळे. आता माझ्याकडे त्याची डीव्हीडी आहे, कुणीतरी वाढदिवसाला दिलेली. तिचं प्लास्टिकसुद्धा मी काढलेलं नाही. हा सिनेमा लावायचा नसतो. तो लागलेला असायला हवा, सुरुवातीची वीस मिनिटं चुकलेली हवीत आणि मध्ये मध्ये सर्दीच्या औषधांच्या जाहिराती हव्यात. स्वतः निवडून, तारीख ठरवून, पॉपकॉर्न वगैरे करून पाहिला तर त्याचा भिकारपणा उघडा पडतो. आणि घडी घालायला कपडे लागतातच.

आणखी एक. 'किती वाईट आहे बघ, हसू या' म्हणून पाहणाऱ्या लोकांबरोबर मी तो पाहत नाही. एका मैत्रिणीकडे अशा पार्ट्या होतात. वाईट सिनेमे, चांगली वाईन. ती 'टॉप दॅट' लावते आणि सगळे आधीच हसायला लागतात. मला तिथे परक्यासारखं होतं.

कारण तो प्रसंग नीट पाहा. लुईस आणि तिची मैत्रीण पॉली सायकलींवरून चालल्यात. रस्त्याच्या कडेला ऱ्हेट नावाचा मुलगा दोन दोस्तांबरोबर रॅप करतोय. पॉलीचा त्याच्यावर जीव. तो इतका ऐटीत हात फेकतो, इतकी मान झटकतो, की जणू जग त्याच्याकडेच बघतंय. प्रत्यक्षात बघतायत दोघी. लुईस हळूच चेटूक करते आणि पॉली, जिच्या तोंडून त्याच्यासमोर शब्द फुटला नसता ती पॉली, त्याच्यापुढे जाऊन त्याला रॅपमध्येच उत्तर देते. यमकं शाळेच्या हस्तलिखितातली. नाच कवायतीच्या तासातला. पण चेहरे बघा! एकाच्याही डोळ्यांत 'आम्हालाही कळतंय हं, हे जरा बावळट आहे' असा इशारा नाही. सगळे जीव तोडून करतायत. हल्लीचे सिनेमे बावळटपणा करताना आधी डोळा मारून घेतात, म्हणजे अंगाला काही लागत नाही. ह्या पोरांना ती युक्तीच माहीत नव्हती. पॉली झालेली मॅंडी इंगबर पुढे योग शिकवू लागली आणि त्यात नाव काढलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. त्या रस्त्यावर ज्याने लाज सोडली, त्याला शीर्षासन काय अवघड?

लुईसचे वडील झालाय डिक सार्जंट, म्हणजे 'बीविच्ड'मधला नवरा. दोघांतला दुसरा. त्या मालिकेत १९६९ साली नवऱ्याचं काम करणारा नट बदलला आणि गोष्टीतल्या कुणीही, अगदी बायकोनेसुद्धा, चकार शब्द काढला नाही. चेटूक येणाऱ्या बाईला असल्या गोष्टींचं काय! 'टीन विच'वाल्यांनी त्याला मुद्दाम घेतलं असणार. तिथे बायको चेटकीण, इथे मुलगी. बिचाऱ्याच्या घरात कुणी धड नाहीच.

'बीविच्ड' आमच्याकडे आली ती नव्वदीत, सोनी वाहिनी नवी नवी होती तेव्हा, हिंदीत बोलत. मी दहावीत होते. त्यातली चेटकीण बायको समांथा नाक हलवायची आणि पसारा आवरला जायचा. आमच्या वर्गातल्या झाडून सगळ्या मुली नाक हलवायच्या नादाला लागल्या होत्या. आरशासमोर उभं राहून मी इतका सराव केला की अभ्यासाचा केला असता तर बोर्डात आले असते. नाक हलत नाही हो. नाकपुड्या फुगतात, भुवया वर जातात, कान लाल होतात. ती बाई मुळात वरचा ओठ हलवायची, नाक आपलं त्याच्याबरोबर हलायचं. हे मला कळलं तोपर्यंत माझ्याकडे डिशवॉशर आला होता.

दहावीतच एकदा मोरीत खरकट्याचा ढीग होता. शेवयांच्या खिरीचं पातेलं, बुडाला लागलेलं. मी पाटावर बसून त्याच्याकडे रोखून बघत नाक फेंदारत होते. आजी ताकाचं भांडं घेऊन आली.

"काय गं, शिंक अडकलीय का?"

"नाही."

"मग राख घे आणि घास. बघून जात नसतं ते."

आजीला समांथा आवडायची नाही. घरात बसून नुसती मिरवते म्हणायची. पण साडेसातला टीव्हीसमोर आधी तीच येऊन बसलेली असायची.

'टीन विच'मधलं सगळंच मला आवडतं असं नाही. लुईसची डायरी चुकून मास्तरांच्या हाती लागते आणि ते ती भर वर्गात मोठ्याने वाचतात. मग ती त्यांची बाहुली करते, बाहुलीचे कपडे काढते आणि मास्तर वर्गात एकेक कपडा उतरवू लागतात. वर्ग खदखदून हसतो. त्यातल्या कपडे काढण्याला मी कधी हसले नाही, पण डायरी वाचली जाते तेव्हा पोटात खड्डा पडतो, दरवेळी. आमच्या शाळेत एका मुलीची चिठ्ठी अशीच वाचली होती. तिच्याजवळ बाहुली नव्हती. ती दोन बाकं मागे जाऊन बसायला लागली, एवढंच.

शेवटी, नाचाच्या कार्यक्रमात, लुईस गळ्यातला ताईत काढून सेरेनाला देऊन टाकते आणि ब्रॅडबरोबर नाचायला जाते. ताकदीशिवायही मी मीच, वगैरे. 'टीन वुल्फ'मध्येही पोरगा शेवटची मॅच लांडगा न होता खेळतो. ऐंशीच्या दशकात बहुधा तसा नियमच होता, मिळालेलं परत करायचं. इथे मात्र माझं आणि सिनेमाचं दरवेळी वाजतं. अगं, देतेस काय! ब्रॅड चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण पुढे कॉलेजची फी आहे, घराचे हप्ते आहेत, तुझ्या आईवडिलांची आजारपणं आहेत, गुडघे आहेत. नको घालूस रोज. बँकेतल्या लॉकरमध्ये ठेव.