दुसऱ्या बॅटरीची टक

जानेवारीतली अमावास्या, वांगणीजवळचं शेत, आणि पहाटे साडेपाचला सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. रात्रभर दुर्बिणीची मोटर आणि भिंगावर दव बसू नये म्हणून गुंडाळलेला हीटरचा पट्टा, दोन्ही गाडीच्या सॉकेटवर चालले होते. तीन अँपिअरने काय होणार, असं वाटलेलं. नऊ तासांत 27 अँपिअर-अवर गेले, आणि माझ्या जुन्या मारुती इकोची बॅटरी 35ची. दूध घालायला निघालेल्या दोघांनी धक्का दिला म्हणून घरी आलो.

मग मागे दुसरी बॅटरी बसवली, 42ची. सीलबंदच घेतली, पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो केबिनमध्ये कशाला? दोन्हींच्या मध्ये हाताने फिरवायचा स्विच. पोचलो की बंद, निघालो की चालू, म्हणजे वाटेत इंजिनावर दुसरीही भरते. रात्रभर जागलेल्या माणसाच्या भरवशावर ही योजना! परतताना चालू करायचं राहिलं आणि पुढच्या अमावास्येला मृग नक्षत्र वर आलं तेव्हा दुर्बीण ढिम्म.

वायरिंगवाला म्हणाला, "काका, इग्निशनवर रिले टाकू, म्हणजे किल्लीबरोबर आपोआप जोडणारा स्विच, विसरायचा प्रश्नच नाही." टाकला. पण किल्ली फिरवताच रिले आधीच जोडलेला, त्यामुळे सेल्फ दुसऱ्या बॅटरीतूनही करंट ओढायचा. दोनदा फ्यूज उडाला.

शेवटी व्होल्टेज बघून जोडणारा रिले आणला. बंद गाडीत भरलेली बॅटरी 12.6-12.7 व्होल्ट दाखवते, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र, फिरू लागला की 14च्या आसपास. माझा रिले 13.3च्या वर जोडतो, 12.8च्या खाली तोडतो. गाडी सुरू केल्यावर इंजिनाच्या बॅटरीला आधी मिळतं, थोड्या वेळाने मागून एकच जाड 'टक' येते आणि दुसरीवरचा मीटर 12.2वरून चढायला लागतो. ती टक ऐकल्याशिवाय मी पहिला गिअर टाकत नाही. वायर 16 चौरस मिलिमीटरची, फ्यूज दोन्ही टोकांना. एकाच टोकाला टाकून चालत नाही, कारण वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर करंट दोन्हीकडून येणार.

मित्राच्या बीएस-6 गाडीत मात्र हाच रिले सारखा सुटायचा. तिथे कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. त्याला डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा डबा, घ्यावा लागला, खिसा बराच हलका झाला.

एक त्रास उरलाच. डोंबिवलीपर्यंतच्या तासाभरात बॅटरी पुरती भरत नाही, शेवटचा टप्पा फार रेंगाळतो. अर्धवट भरलेली ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं. त्यात पावसाळ्यात चार महिने आकाशच नाही. पार्किंगमधल्या सोसायटीच्या मीटरवर चार्जर लावला तर सेक्रेटरींची चिठ्ठी आली. तेव्हा जूनमध्ये तेरा-चौदा किलोचं ते धूड मी दुसऱ्या मजल्यावर चढवतो आणि चपलांच्या रॅकखाली छोट्या चार्जरला जोडतो. भरली की तो आपोआप 13.6वर येऊन थांबतो. बायको त्यावर छत्र्या वाळत घालते.