पिशवी काढलीये, पण कशासाठी?

ओपीडी संपत आलेली, पोटात कावळे ओरडत होते आणि शेवटच्या केसपेपरवर माझंच अक्षर. वय ४३, गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढलेली, हॉट फ्लशेस (अंगातून गरम वाफा), झोप नाही. खाली इस्ट्रोजेन (अंडाशयांत बनणारं हॉर्मोन) जेल. आठ महिन्यांपूर्वीचं. म्हटलं जेल संपलं असेल, रिपीट लिहायचं आणि जेवायला पळायचं.

"वाफा थांबल्या मॅडम, झोपही लागते," ताई म्हणाल्या. मी पेन उचललं तेवढ्यात, "पण ते जुनं दुखणं परत आलंय, पाळीतलं." पाळीच नाही तर पाळीतलं दुखणं कुठून, असं मी बोलले नाही पण चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण त्या घाईघाईने म्हणाल्या की पिशवी नाहीये ते माहितेय हो, पण दुखतं अगदी तसंच, संडासला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखं, आणि नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तरी भीती वाटते.

ही दोन दुखणी एकत्र ऐकली की झोपेतून उठवलं तरी एन्डोमेट्रिऑसिस हा आजार सुचायला हवा. मी विचारलं, पिशवी कशासाठी काढली होती? आणि विचारतानाच लक्षात आलं की हा प्रश्न आठ महिने उशिरा आलाय. तेव्हा विचारला असेलही, पण पेपरवर नव्हता, म्हणजे नव्हताच.

त्यांनी हातातल्या थैलीतून जुनी फाइल काढली. ऑपरेशन नोटच्या दुसऱ्या पानावर होतं सगळं. एन्डोमेट्रिऑसिस, सगळं एकमेकांना चिकटलेलं, आणि आतड्यावरचा भाग धोका नको म्हणून तसाच ठेवलेला.

आपण सगळे पाठ केलेला नियम असा की पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यायचंच, नाहीतर पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं, कॅन्सरचाही धोका वाढतो, आणि पिशवी नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन पुरे. बरोबरच आहे तो. पण एन्डोमेट्रिऑसिस म्हणजे त्या अस्तरासारखंच टिश्यू पिशवीच्या बाहेर जाऊन बसलेलं, पिशवी गेली तरी ते राहू शकतं आणि इस्ट्रोजेन मिळालं की जागं होतं, क्वचित त्यातही कॅन्सर होऊ शकतो. मी आठ महिने त्याला खतपाणी घालत होते.

तपासताना योनीच्या मागच्या बाजूला गाठ लागली, हात लावताच त्या कळवळल्या. नंतर एमआरआयमध्ये २ सेंटीमीटरची निघाली.

शेजारी बसलेली ज्युनिअर म्हणाली, मॅडम जेल बंद करूया? सोपं वाटतं, पण ४३ व्या वर्षी अंडाशयं नाहीत म्हणजे हाडं आणि हृदय दोघांचा प्रश्न, नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण ५१ पर्यंत, हॉर्मोन हवेतच. म्हणून जेल चालू ठेवलं आणि प्रोजेस्टेरॉन जोडलं, महिन्यातले १२ दिवस वगैरे नाही, रोज, एकही दिवस नुसतं इस्ट्रोजेन नको. कॅप्सूल रात्री, कारण तिने झोप येते (त्यांना ते बोनसच वाटलं). टिबोलोनचाही (एकाच गोळीत दोन्ही हॉर्मोनसारखं काम करणारं औषध) विचार केला होता, पण वाफांवर जेल छान लागू पडलेलं, ते मोडावंसं वाटलं नाही.

मग ताईंनी हॉर्मोनने ब्रेस्ट कॅन्सर होतो का, ते विचारलं, कुठेतरी वाचलं होतं. २००२ च्या ज्या अमेरिकन अभ्यासाने सगळ्यांना घाबरवलं त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, तुमच्या वयाला ते आकडे तसेच्या तसे लावता येत नाहीत, असं सांगितलं. पण ५१ नंतर दोन्ही हॉर्मोन चालू ठेवली तर धोका थोडा वाढतो, तेव्हा पुन्हा बसून ठरवू, हेही सांगितलं.

आणि हेही सांगितलं की जुनी फाइल मी तेव्हाच मागायला हवी होती, चूक माझी. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मागितली नाहीत म्हणून दाखवली नाही. मला वाटलं पिशवी गेली म्हणजे तो विषय संपला."

चार महिन्यांनी आल्या. दुखणं निम्म्यावर आलंय, गाठ मात्र तेवढीच आहे. आतड्याच्या सर्जनकडे पाठवलंय, चिठ्ठीला ऑपरेशन नोटचं दुसरं पान स्टेपल करून.