दोन थापा, थांबून एक

रात्रीचे सव्वादोन झालेत. आत चिमी गाढ झोपली आहे आणि मी बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसले आहे. परवाचं डोक्यातून जात नाही.

परवा पाण्याचा दिवस होता. चार दिवसांआड येणारं पाणी, तेही रात्री दीडला सुटलं. आत्यांना उठवलं नाही. मोटर लावली आणि अंगणात पिंप, घागरी, बादल्या भरत उभी राहिले. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली थंडी, पाईप धरून बोटं बधिर झालेली. मागच्या गल्लीतले यंत्रमाग चालू होते. मग लाईट गेली. मोटर बंद, माग बंद. एकदम इतकं शांत झालं की आतली चादरीची सळसळ अंगणात ऐकू आली. चिमी जन्मापासून मागांच्या खडखडाटात झोपलेली आहे. तो थांबला की हमखास जागी होते.

पाईप तसाच टाकून धावले आणि दारातच थबकले.

चार्जिंगचा बल्ब लागलेला होता. ती अंथरुणात उठून बसली होती. आत्या भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. चिमीनं माझ्या जागेकडे बघितलं. तिथे नुसती उशी. तिनं उशी हातानं चाचपली. मला वाटलं, आता ओठ दुमडेल, आता हनुवटी थरथरेल, आता सूर लावेल. मी ओले हात गाऊनला पुसतच होते. पण काहीच झालं नाही. ती आपली आपण आडवी झाली, एक मांडी जरा वर घेतली आणि स्वतःच्याच हातानं मांडीवर थोपटायला लागली. दोन थापा, थांबून एक. दोन थापा, थांबून एक. असं चार-पाच वेळा. मग हात मांडीवर तसाच राहिला आणि डोळे मिटले.

बाहेर पाईप वाहत होता. चार दिवस वाट बघितलेलं पाणी. तरी माझा पाय उचलेना.

तिचं रात्रीचं अंगावरचं सोडवणं, हे सगळं मीच मागून घेतलं आहे, हे मला कळतं. डिसेंबरात एक दिवस मंद्रूपला, मी शिकवते त्या शाळेसाठी, उतरायचं ते मी एसटीत झोपून गेले आणि जाग आली तेव्हा टाकळी आलं होतं. समोर भीमेचा पूल. आपल्या शहराला जिथून पाणी उपसतात, ते टाकळी. परतीच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी होते आणि रडू आवरत नव्हतं. शाळेत पहिला तास गेला. सर काही बोलले नाहीत, ते न बोलणंच लागलं. तेरा महिने रोज रात्री अकरा, एक, तीन, पाच. हे उठायचे, पाणी आणून द्यायचे, पण पाजायचं तर मलाच होतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजनाचा तक्ता समोर धरला. जन्माच्या वेळी २.८ किलो, आता ८.६. वर्षात तिप्पट, जसं व्हायला हवं तसं. म्हणाले, पहिले ६ महिने फक्त अंगावरचं, पुढे वरच्या अन्नाबरोबर २ वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही खुशाल पाजा, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पण वर्ष झालंय, वजन नीट आहे, दिवसा वरण-भात, भाकरी कुस्करून खातेय, तर आता रात्रीची ही भूक पोटाची कमी आणि सवयीची जास्त. इतकं लहान मूल तासाभरानं अर्धवट जागं होतंच. झोपताना जे तोंडात होतं, तेच ते पुन्हा शोधतं. रात्रीचं कमी झालं की दिवसा जास्त जेवेल, आणि तिला आता त्याचीच गरज आहे, दुधातून लोह फारसं मिळत नाही.

आत्यांनी सांगितलं होतं, कडुलिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिवसांत सुटतं. त्यांनी त्यांच्या तिघांचं तसंच सोडवलं. मी नाही म्हटलं. मला रात्र सोडवायची होती, दिवस नाही. सकाळी सहाला ती तोंड लावेल तेव्हा तिला मी कडू लागायला नको होते.

मग एकेक वेळ करत गेलो. आधी एकची. पाजायची दहा मिनिटांची आठ केली, दोन रात्रींनी सहा, मग चार, मग नुसतं उचलून घेणं आणि फुलपात्रातून दोन घोट पाणी. ती जमली की अकराची, मग पाचची. तीनची सगळ्यात चिवट निघाली. तेव्हा आत्या म्हणाल्या, तू बाहेर झोप, तुझा वास आला की ती शोधतीय. त्या रात्री ती चाळीस मिनिटं रडली. आत्यांच्या मांडीवर, त्यांच्या खांद्यावर, एक क्षणही एकटी नव्हती. आणि इकडे मी. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, रात्री वाढतं. तिचा आवाज ऐकून गाऊन भिजला होता, छाती दगडासारखी झाली होती. जडपणा कमी होईल एवढंच पिळून काढायचं, सगळं काढलं तर अंग पुन्हा तेवढंच दूध करतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मोरीत उभी राहून थोडं काढलं आणि ओला नॅपकिन ठेवून बसून राहिले. कुणी विचारलं नाही. कोण विचारणार, सगळे तिच्याकडे धावलेले. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या रात्री मला माझीच फार कीव आली होती.

ते सगळं निभावलं. गेल्या सोमवारपासून ती रात्रीचं मागत नाही. मला सलग पाच तास झोप मिळते. डोकं दुखायचं थांबलंय.

पण झोपायला शिकणं आणि मागायचं सोडून देणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. मी दारात उभी राहून जे पाहिलं, ते यातलं कुठलं?

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. खिचडी वाढताना बाकीची पोरं ताट पुढे करतात, मॅडम इकडे, मॅडम अजून थोडी. हा ताट मांडीवर ठेवून गप्प बसतो. वाढलं तर खातो, नाही वाढलं तर उठतो. सगळे म्हणतात, किती समजूतदार लेकरू. मला ते समजूतदारपण बघवत नाही. मागून मिळत नाही हे त्याला कुठेतरी फार लवकर कळलंय, म्हणून तो गप्प आहे. मी रोज न विचारता त्याला दुसऱ्यांदा वाढते. आणि घरी तीन आठवडे मी काय करत होते?

आईही शेवटी शेवटी काही मागायची नाही. पाणी हवं का म्हटलं तरी नको म्हणायची. असो.

चिमीनं उशी चाचपली होती, हे मला विसरता येत नाही. तिनं शोधलं होतं. मी तीन पावलांवर होते आणि आत गेले नाही. आत गेले असते तर तीन आठवड्यांचं सगळं पाण्यात गेलं असतं, हे खरं. मी हलले नाही त्याचं कारण मात्र ते नव्हतं. ती रडेल याची मी वाट बघत होते. तिनं रडावं असं मला वाटत होतं. हेही खरं, आणि हे मी कुणाला सांगणार नाही.

आज सकाळी आत्या भाकरी थापत होत्या. मी डबा भरता भरता विचारलं, "आत्या, चिमी रात्री उठली की तुम्ही तिला मांडीवर थोपटता का?"

"मांडीवर कुठं? मी पाठीवर थोपटते की. का गं?"

"तिनं परवा आपलं आपणच मांडीवर थोपटलं. दोनदा, मग थांबून एकदा."

त्यांनी परातीतला हात थांबवला. "ते तुझं हाय की. पाजताना तू तसंच करायलीस रोज. दोन थापा, मग एक. एवढी झोपेत असलीस तरी हात चालूच असायचा तुझा." आणि पुन्हा भाकरी फिरवायला लागल्या.

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर तिला घेतलं आणि हात कुठे जातो ते बघितलं. डाव्या हातावर तिचं डोकं, उजवा हात आपोआप तिच्या मांडीवर. दोन, थांबून एक. तेरा महिने मी अर्धवट झोपेत हे करत होते आणि ती जागी राहून शिकत होती.

यानं प्रश्न मिटला का? नाही. अजूनही उशी चाचपणारा तो हात दिसतो. पण गाठ जरा सैल झाली आहे. तिच्या हातात काहीच राहिलं नव्हतं असं नाही, एवढं तरी कळलं. आणि दिवसा तर तिचं मागणं चालूच आहे. काल शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण काढून घेतलं तर असा टाहो फोडला की शेजारच्या अम्मा बाहेर आल्या. मी झाकण परत दिलं. लगेच दिलं. आत्या म्हणाल्या, लाडावून ठेवशील. ठेवीन.

सकाळी सहाला ती रांगत बाहेरच्या खोलीत येते, गाऊन धरून उभी राहते आणि डोळे अर्धे मिटूनच पिते. पिता पिता एक बोट माझ्या मंगळसूत्रात अडकवून ठेवते. आता मी तेव्हा पूर्ण जागी असते. आधी ती कशी प्यायची ते मला नीट आठवतही नाही, इतकी मी पेंगत असायचे. यंदा जत्रेतले नंदीध्वज बघायलाही गेले नाही. पुढच्या वर्षी ती चालत असेल.

मागांचा आवाज चालू आहे. आत सगळं शांत आहे.

शुक्रवारी पाणी आहे. पाईप कोपऱ्यात गुंडाळून ठेवलाय. त्या रात्री मधल्या दाराला वरवंटा लावून ठेवायचा, म्हणजे ते मिटणार नाही. अंगणातून आतलं ऐकू यायला पाहिजे.