गूगलची कारवाई उठवताना

माझ्या मामेभावाची, दादाची, देवगडला हापूसची कलमं आहेत आणि आंबे घरपोच विकायला एक वेबसाइट आहे. ती माझ्याकडे आली तेव्हा हंगाम तोंडावर होता. बागेचं नाव टाकलं तर साइट दिसायची, 'देवगड हापूस' शोधलं तर कुठेच पत्ता नाही. "गूगलने ब्लॅकलिस्ट केलंय," असं दादाला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

मी आधी सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन. त्यात 'मॅन्युअल ॲक्शन्स' नावाचा एक रिपोर्ट असतो. तो कोरा असेल तर घसरणीचं कारण अल्गोरिदममध्ये, म्हणजे क्रम आपोआप लावणाऱ्या गूगलच्या प्रणालीत, किंवा साइटच्या तांत्रिक बिघाडात शोधायचं, आणि तिथे अर्जविनंती चालत नाही. आमच्या रिपोर्टमध्ये मात्र नोंद होती: साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक. म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई. मला उलट हायसं वाटलं, कारण लेखी आरोपाला उत्तर देता येतं.

आधीच्या एसईओवाल्याने, म्हणजे शोधात साइट वर आणायचं काम घेणाऱ्याने, क्रमांक वाढवायला भलत्याच साइटवरून लिंक विकत घेतल्या होत्या. फर्निचर, कर्ज, परदेशी जुगार, आणि मध्येच आमचा आंबा. २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन अपडेट, म्हणजे क्रम लावण्याच्या पद्धतीतला एक बदल, आणला तो असल्याच उद्योगांवर, तरी ही पॅकेजं अजून विकली जातात. सर्च कन्सोलमधून लिंकची यादी उतरवली, त्या साइटवाल्यांना मेल पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, एकाने लिंक काढायचे पैसे मागितले. उरलेली डोमेन एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक अशी लिहून 'डिसअव्हाउ' टूलमधून चढवली, म्हणजे या लिंक आमच्या हिशेबात धरू नका असं गूगलला कळवलं. हे टूल जपून वापरायचं. बहुतेक साइटना त्याची गरज नसते असं गूगल स्वतःच सांगतं, आणि चांगल्या लिंक चुकून त्यात गेल्या तर नुकसान आपलंच.

आरोप लिंकचा असला तरी मी पानंही उघडून पाहिली. तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'स्वस्त हापूस आंबा' ची जपमाळ होती. शिवाय शहरागणिक एक पान, ठाणे, नाशिक, सांगली, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. याला डोअरवे पेज म्हणतात. २००६ मध्ये याच कारणासाठी बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने काही दिवस शोधातून काढली होती, तिथे देवगडच्या बागेची काय कथा! लपवलेला मजकूर पुसला, शहरांची पानं काढली आणि घरपोच सेवेचं एकच नीट पान ठेवलं.

मग पुनर्विचाराची विनंती. काय झालं होतं, काय काढलं, कुणाकुणाला मेल केले, हे सगळं तक्त्यासह लिहिलं. पहिली विनंती फेटाळली गेली. सोबत आलेल्या नमुन्यांत आमच्या यादीतून सुटलेल्या लिंक होत्या. पुन्हा साफसफाई, पुन्हा विनंती, आणि मग कारवाई उठली. तोवर आंब्याचा हंगाम मात्र सरत आला होता.

कारवाई उठली की जुनी जागा परत मिळेल अशी दादाची समजूत होती. ती मिळाली नाही. तो क्रमांक काही अंशी त्या विकतच्या लिंकांवरच उभा होता, त्या गेल्या तशी तेवढी उंचीही गेली.

आता नवं काही करायचं म्हटलं की आधी वाद होतो. एका खाद्यपदार्थांच्या ब्लॉगवालीला लेखासाठी पेटी पाठवली, तेव्हा तिला लिंकवर 'स्पॉन्सर्ड', म्हणजे मोबदला घेऊन दिलेली, अशी खूण लावायला सांगितलं. अशा लिंकने क्रमांक सहसा वाढत नाही, म्हणून दादाला वाटलं, पेटी फुकट गेली. लेख वाचून गिऱ्हाईक आलं तर ती वसूल, एवढंच मी म्हटलं. एआयकडून आमरसाच्या शेकडो पाककृती लिहून घ्यायची त्याची कल्पनाही मी हाणून पाडली. क्रमांक वाढवायला असा घाऊक मजकूर ओतणं, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्ट नोंदलेलं आहे.

परवा तो म्हणाला, "नागपूरचं पान तरी कर." मी विचारलं, "नागपूरला आंबा पाठवताना तू वेगळं काय करतोस?" तर म्हणाला, "तिकडे कडक फळच भरतो, वाट लांबची. पोचल्यावर पेटी उघडून, हवेशीर जागी गवतावर पसरून ठेवायला सांगतो. फ्रीजमध्ये ठेवला तर नीट पिकणार नाही." मी ते तसंच टाइप करून घेतलं, खाली नागपूरचा पोचता भाव टाकला आणि ते पान चढवलं.